पराक्रमाची प्रतवारी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचा रूळ घडतो तेव्हा त्याच्या पोलादाचा एक नमुना परीक्षाशाळेत नेऊन, यंत्राच्या जबड्यांत घट्ट धरून, तुटेपर्यंत ताणला जातो. आणि दर चौरस मिलिमीटरमागे निदान ८८० न्यूटन इतका ताण त्याने सोसला नाही, तर रुळाला उत्तीर्णतेचा दाखला मिळत नाही. १९५९ च्या फेब्रुवारीत येथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून या गावाची प्रतिष्ठा अशा दाखल्यांवर उभी आहे. या परीक्षेचा विशेष असा की, शेजारच्या नमुन्याने काय केले याच्याशी तिला कर्तव्य नसते. नमुना आज ताणला काय किंवा महिन्याने ताणला काय, भिलाईत ताणला काय किंवा जमशेदपुरात ताणला काय, आकडा तोच येतो, कारण बळ त्या पोलादाच्या ठायी आहे आणि यंत्र केवळ ते वाचून दाखविते. मनुष्याच्या बाहुबळाचे असे नाही. मुष्टियोद्ध्याचे सामर्थ्य प्रतिस्पर्ध्यावाचून मोजता येत नाही, आणि प्रतिस्पर्धी हा स्वतःच एक अनिश्चित, बदलते, वयाने व दुखापतींनी झिजणारे मापन-यंत्र असतो. म्हणून हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची न्याय्य क्रमवारी कशी लावावी हा वाद शंभर वर्षे चालत आला आहे, आणि प्रत्येक मोठ्या सामन्याच्या निकालानंतर तो नव्याने पेटतो.

हेवीवेट हा गटच मुळी इतरांहून निराळा आहे. खालच्या प्रत्येक गटाला वजनाची वरची मर्यादा असते. व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९१ किलोंच्या, पलीकडे गेलेल्या योद्ध्याला मात्र ती उरत नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी रियाध येथे युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक आणि इंग्लंडचा टायसन फ्युरी दुसऱ्यांदा समोरासमोर आले, तेव्हा वजनाच्या काट्यावर पहिला २२६ पौंड आणि दुसरा २८१ पौंड भरला होता. फ्लायवेट आणि वेल्टरवेट यांच्यात, मधले अनेक गट ओलांडूनही, अवघे ३५ पौंडांचे अंतर असते, हे ध्यानी घेतले म्हणजे ५५ पौंडांच्या या तफावतीचे स्वरूप कळेल; आणि तरीही तिन्ही पंचांनी ११६-११२ असा एकमुखी कौल हलक्या योद्ध्याच्या बाजूने दिला. तेव्हा वजन, उंची, हातांचा पल्ला यांवरून क्रम लावण्याचा मार्ग सुरुवातीलाच बंद होतो. उरतो तो निकालांचा मार्ग. पण आघाडीचा हेवीवेट वर्षाकाठी जेमतेम एक-दोन सामने लढतो, आणि तेही सर्वांशी नव्हे, म्हणून निकालांचे दफ्तर फार तुटपुंजे असते.

शिवाय हे दफ्तर कित्येकदा स्वतःशीच विसंगत असते. सप्टेंबर २०२२ मध्ये जो जॉइस याने न्यूझीलंडच्या जोसेफ पार्करला अकराव्या फेरीत नॉकआऊट केले. पुढल्या वर्षी चीनच्या झांग झिलेईने त्याच जॉइसला एप्रिलमध्ये सहाव्या आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या फेरीत, असे दोनदा संपविले. आणि मार्च २०२४ मध्ये पार्करने झांगला गुणांवर हरविले. जॉइस पार्करच्या वर, झांग जॉइसच्या वर, पार्कर झांगच्या वर: या तिघांना एका शिडीवर उभे करू पाहणारा मनुष्य कोणालाही कोणत्याही पायरीवर ठेवो, एका प्रत्यक्ष निकालाचा अवमान केल्यावाचून त्याची सुटका नाही. हा काही अलीकडचा अपवाद नव्हे. १९७१ साली जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरविले, १९७३ साली जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडले, आणि १९७४ साली किन्शासा येथे अलीने फोरमनला आठव्या फेरीत झोपविले. त्याच काळात ज्या केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याच्यावर जय मिळविला होता, त्या नॉर्टनला फोरमनने दोन फेऱ्याही पुरत्या टिकू दिले नाही. युद्धशैलींचा परस्परांशी असा जो विलक्षण संबंध असतो, त्याच्यामुळे ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘क’ला जिंकले म्हणून ‘अ’ हा ‘क’ला जिंकीलच, हा साधा अनुमानाचा शिरस्ता येथे लंगडा पडतो.

माझ्या मते या वादाची पहिली गफलत अशी की, दोन सर्वस्वी भिन्न प्रश्न एकाच यादीत कोंबले जातात. ‘आजवर कोणी काय मिळविले’ हा एक प्रश्न, आणि ‘उद्या सामना झाला तर कोण जिंकेल’ हा दुसरा. पहिला प्रश्न जमाखर्चाचा आहे, दुसरा भाकिताचा. भाकीत करणे हा गुन्हा नव्हे. पैजा लावणारे, समालोचक, आणि विदर्भातून नोकरीनिमित्त येऊन भिलाईच्या सेक्टरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील आम्ही मंडळीही ते आनंदाने करतो. परंतु ज्या यादीवरून एखाद्याला विजेतेपदासाठी लढण्याचा अधिकार मिळतो किंवा नाकारला जातो, त्या यादीत भाकिताला रुजू करून घेणे हा अन्याय आहे. कारण ज्याने अजून काही केलेले नाही त्याला केवळ देखण्या शैलीसाठी वरची जागा द्यावयाची, आणि ज्याने कष्टाने जय मिळविले त्याला ‘हा पुढे टिकणार नाही’ म्हणून खाली ढकलावयाचे, असे मग सर्रास घडू लागते. आपल्या जत्रेतील कुस्तीच्या फडात जोड लावणाऱ्या जाणत्या वस्तादांना हा विवेक चांगला अवगत असतो. लहान इनामाच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत मल्ल चढत जातो, तो गेल्या हंगामांत त्याने कोणाला चीतपट केले त्या हिशेबाने. त्याचे शरीर किती कमावलेले दिसते याचे कौतुक होते, पण त्या कौतुकावर कोणी त्याला शेवटच्या जोडीत उभे करीत नाही.

गणिताने हा वाद मिटविण्याचा एक आदरणीय प्रयत्न बुद्धिबळात झालेला आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकविणारे अर्पाद एलो यांनी सिद्ध केलेली गुणांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म असे की, दोन खेळाडूंच्या गुणांकांत २०० चा फरक असेल तर वरच्याने शंभरांपैकी सुमारे ७६ गुण मिळवावेत आणि फरक ४०० चा असेल तर सुमारे ९१ मिळवावेत, अशी अपेक्षा धरावयाची. अपेक्षेहून अधिक मिळविले तर गुणांक चढतो, कमी मिळविले तर उतरतो. बलाढ्याला हरविल्याचे मोल मोठे आणि दुबळ्याला हरविल्याचे क्षुल्लक, ही न्यायबुद्धी तीत आपोआप येते. पण ज्या खेळात खेळाडू वर्षाकाठी अनेक डझन डाव खेळतो, तेथेच ही पद्धती शोभते, कारण चुकीचा आकडा तेथे लवकर दुरुस्त होतो. आणि तेथेही आकडा हा अधिकार नव्हे, हे जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने दाखवून दिले: बातुमी येथील महिला विश्वचषकात तिचे मानांकन पंधरावे होते, तरी अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून ती चषक आणि ग्रँडमास्टरपद एकदमच घेऊन आली. हेवीवेट योद्ध्याचा गुणांक दोन सामन्यांच्या तुटपुंज्या पुराव्यावर काढला, तर तो दशांश चिन्हापुढे कितीही अंक मिरवो, त्याची विश्वसनीयता एखाद्या अनुभवी प्रेक्षकाच्या मताहून फारशी अधिक ठरणार नाही.

आता निकाल म्हणजे तरी काय, हेही पाहिले पाहिजे. कारण क्रमवारी लावणारे बहुतेक लोक ‘जय’ आणि ‘पराजय’ असे दोनच रकाने आखतात. १८ मे २०२४ रोजी उसिक आणि फ्युरी यांचा पहिला सामना झाला. त्यात तीन पंचांचे आकडे असे: एकाने उसिकला ११५-११२, दुसऱ्याने उसिकला ११४-११३, तिसऱ्याने फ्युरीला ११४-११३. बारा फेऱ्यांत प्रत्येक फेरीचे एका योद्ध्याला दहा आणि दुसऱ्याला नऊ गुण धरले तर बेरीज २२८ व्हावयास हवी. तिन्ही पत्रिकांवर ती २२७ आहे, कारण नवव्या फेरीत दोरांवर लोंबकळणाऱ्या फ्युरीला रिंगणातील पंचाने ‘पडला’ असे मानून मोजले आणि त्याचा एक गुण वजा झाला. आता तो एक गुण परत करून पाहा. पहिली पत्रिका उसिककडेच राहते, दुसरी ११४-११४ अशी बरोबरीत येते, तिसरी फ्युरीकडे आहेच. म्हणजे संपूर्ण सामना बरोबरीत सुटतो. पंचाने मोजण्यास सुरुवात केली ती योग्यच होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोर नसते तर फ्युरी खाली आला असता. परंतु जो निकाल एका गुणावर तोललेला होता, त्याच्या बळावर विजेत्याला आणि पराजिताला अनेक पायऱ्यांच्या अंतराने दूर करणे हे त्या पत्रिकांशी प्रामाणिक राहणे नव्हे. विजेतेपद एकालाच मिळते, त्याला इलाज नाही. क्रमवारीत मात्र निसटता जय हा निसटताच म्हणून नोंदला गेला पाहिजे, आणि डिसेंबरच्या एकमुखी कौलाने तो निःसंशय झाला, हेही त्याच नोंदवहीत पुढच्या ओळीवर आले पाहिजे.

पंचांच्या कौलावरील अविश्वास हा या खेळाचा जुना व्रण आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम सामन्यात ८६ ठोसे लगावले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, तरी ३-२ अशा मताधिक्याने सुवर्णपदक पार्कला दिले गेले. आणि त्याच स्पर्धेतील सर्वोत्तम शैलीचा चषक जोन्सला देण्यात आला. या लज्जास्पद प्रकरणानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये संगणकाची योजना झाली: पाच पंचांपैकी निदान तिघांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली तरच ठोसा जमेस धरावयाचा. भिलाईशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते मुष्टियोद्धे राजेंद्र प्रसाद त्याच बार्सिलोनात, हेवीवेटच्या अगदी विरुद्ध टोकाच्या लाइट-फ्लायवेट गटात, याच नव्या यंत्रणेखाली लढले. अर्जुन पुरस्कारही त्यांना त्याच वर्षाचा मिळाला. पण यंत्राने न्याय आणला तो एकांगी. दुरून मारलेला स्वच्छ सरळ ठोसा तिघांनाही दिसे आणि जमा होई. जवळच्या झटापटीत बरगड्यांवर बसलेला जड ठोसा एखाद्यालाच दिसे आणि वाया जाई, म्हणून योद्धे हळूहळू तसेच लढू लागले. अखेर २०१३ साली ही पद्धती मोडीत काढून व्यावसायिकांचीच दहा गुणांची पद्धती हौशी मुष्टियुद्धात आणावी लागली. मोजण्याच्या साधनाने मोजावयाच्या वस्तूचेच रूप पालटावे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पराजयालाही प्रत असते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरलेले सतीश कुमार हे सुपर हेवीवेट गटातून ऑलिम्पिकला गेलेले पहिले भारतीय. पहिला सामना त्यांनी ४-१ असा जिंकला, त्यात चेहऱ्यावर जखमा होऊन तेरा टाके पडले. आणि ते टाके घेऊन उपान्त्यपूर्व फेरीत ते उझबेकिस्तानच्या जगज्जेत्या बखोदिर जालोलोव्हसमोर उभे राहिले. निकाल ०-५. रकान्यात हा पराजय इतर कोणत्याही पराजयासारखाच दिसतो. परंतु जगातील सर्वश्रेष्ठ योद्ध्यापुढे जखमी अवस्थेत तिन्ही फेऱ्या उभे राहून हरणे आणि सुरक्षित प्रतिस्पर्धी निवडून दहा वेळा जिंकणे, यांत अधिक काय सिद्ध होते, असा प्रश्न मला कोणी केला तर उत्तर देण्यास मी क्षणभरही थांबणार नाही. अपराजित राहण्याची जी अवाजवी पूजा या खेळात चालते, तिच्यामुळे उत्तम योद्धे एकमेकांना टाळतात.

आणि या टाळाटाळीस अधिकृत संस्थांचाच आश्रय मिळतो. विजेतेपदाची सनद देणाऱ्या आज चार संस्था आहेत, प्रत्येकीची यादी निराळी, आणि यादीतले स्थान म्हणजे साक्षात धन. तेव्हा तेथे भ्रष्टाचार शिरला नसता तरच नवल. १९७७ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी योजलेली एक स्पर्धा, खोट्या विक्रमांच्या नोंदी करून योद्ध्यांना क्रमवारीत चढविल्याचे उघड झाल्यामुळे, अर्ध्यावर बंद करावी लागली. या चार संस्थांपैकी एकीचे संस्थापक-अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीसाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात १९९९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले; काही आरोपांतून ते सुटले, काहींत दोषी ठरले आणि त्यांना २२ महिन्यांची कैद झाली. २००० साली अमेरिकेने मुहम्मद अलीच्या नावाने जो कायदा केला, त्यात पहिल्या दहांतील कोणाचे स्थान बदलले तर त्याची कारणे संस्थेने जाहीर केली पाहिजेत, असा दंडक घातला. हे एक कलम मला त्या संबंध कायद्याचा प्राण वाटते. कारण लिहून देण्याची सक्ती झाली की पुष्कळसा पक्षपात लेखणीतच अडतो.

आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि तोही याच वजनाच्या गटात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सागर अहलावत यांनी ९२ किलोंवरील गटाचे रौप्यपदक मिळविले. पुढल्या वर्षी हांगझू येथील आशियाई स्पर्धेसाठी संघ निवडताना मुष्टियुद्ध महासंघाने एका निवड-सामन्याची जुनी वहिवाट सोडून नवी रीत अंगीकारली होती: शिबिरात काही आठवडे योद्ध्यांचे निरीक्षण करावयाचे, निरनिराळ्या कसोट्यांवर गुण द्यावयाचे आणि बेरजेत जो वर येईल त्याला पाठवावयाचे. या गटात नरेंदर बेरवाल निवडले गेले. सागर आणि अमित पंघाल यांच्यासारख्या नामवंतांनी उच्च न्यायालयात दाद मागितली.

दोन्ही पक्षांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. एका दिवसाच्या सामन्यात ताप, दुखापत, एखादा चुकार ठोसा यांनी सर्व पारडे फिरू शकते. अनेक आठवड्यांचे निरीक्षण हा दोष टाळते. उलटपक्षी, सामन्याचा निकाल शेकडो लोक पाहतात आणि शिबिरातील गुणांचा तक्ता थोडेच. हरलेला योद्धा प्रतिस्पर्ध्याचा ठोसा मान्य करतो, पण कोणी दिलेला अर्धा गुण मान्य करताना त्याचे मन कष्टी होते. बेरवाल यांनी हांगझूत कांस्यपदक मिळविले, उपान्त्य फेरीत कझाकस्तानच्या कामशीबेक कुंकाबायेव्हपुढे ते थांबले. काहींनी या पदकालाच निवडीच्या न्याय्यतेचा पुरावा मानले. मला ते पटत नाही, आणि यात बेरवाल यांच्या पराक्रमाचा तिळमात्र उपमर्द नाही; कारण निवडीची रीत न्याय्य होती की नव्हती हे निवडीच्या दिवशीच ठरलेले असते, दुसऱ्याला पाठविले असते तर काय झाले असते याची साक्ष कोणतेही पदक देऊ शकत नाही. माझा कल असा की, ठरलेल्या मुदतीतील स्पर्धांचे निकाल प्रथम पाहावेत, ते स्पष्टपणे एकाच्या बाजूने झुकत असतील तर तेथेच थांबावे, आणि तकरार उरली तर त्या दोघांना उघड्या रिंगणात एकापेक्षा अधिक वेळा लढवावे. शिबिरातील निरीक्षण प्रशिक्षकाच्या उपयोगाचे आहे. त्याने अधिकार ठरवू नये.

याच नियमांनी २०२५ च्या अखेरीस व्यावसायिक हेवीवेटांची माझी नोंदवही मी पुढीलप्रमाणे लिहितो. पहिला उसिक: जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीवर डॅनियल डुब्वाला पाचव्या फेरीत संपवून चारही संस्थांचे विजेतेपदाचे पट्टे त्याने दुसऱ्यांदा एकत्र केले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांतला एक स्वतःहून सोडला म्हणून त्याचे स्थान रेसभरही ढळत नाही. फ्युरीने जानेवारीत निवृत्ती जाहीर केली आणि त्यानंतर वर्षभर तो लढला नाही, तेव्हा त्याचे नाव तूर्त तहकूब. उसिकविरुद्धचे दोन पराजय कितीही सन्मान्य असोत, २०२२ नंतर पहिल्या प्रतीच्या हेवीवेटावर त्याचा एकही जय नाही. दुसरा जर्मनीचा अगित काबायेल: त्याने अपराजित मखमुदोव्ह, अपराजित सांचेझ आणि मग झांग अशा तिघांना मुदतीपूर्वी थांबविले. तिसरा फाबिओ वॉर्डली: सोडलेला पट्टा त्याला सामन्यावाचून मिळाला, ती गोष्ट मी हिशेबात धरत नाही, पण जूनमध्ये जस्टिस हुनीविरुद्ध तिन्ही पत्रिकांवर मागे असताना दहाव्या फेरीत, आणि ऑक्टोबरमध्ये पार्करविरुद्ध अकराव्या फेरीत, त्याने सामना हातात आणून दाखविला, ती गोष्ट धरतो. त्याचे बचावतंत्र कच्चे आहे आणि काबायेलपुढे ते उघडे पडेल असे मला वाटते. परंतु ते भाकीत झाले.

त्याखाली पार्कर आणि डुब्वा. पार्करचे वाइल्डर, झांग आणि बाकोले यांच्यावरील तीन जय वजनदार आहेत, डुब्वाचे हर्गोविच आणि जोशुआ यांच्यावरील दोन अधिक थरारक. एकाला वॉर्डलीने थांबविले, दुसऱ्याला उसिकने. २२ फेब्रुवारी २०२५ ला हे दोघे रियाधमध्ये एकमेकांशी लढणार होते, पण डुब्वा ऐनवेळी आजारी पडला आणि पार्करसमोर बाकोलेला उभे करण्यात आले. पार्कर आणि डुब्वा प्रत्यक्ष एकमेकांशी लढेपर्यंत या दोघांच्या नावांपुढे मी चार हा एकच आकडा लिहिला आहे, आणि पाच ही जागा कोरी ठेवली आहे.